पडलेल्या विमानाचे वाटेकरी

माणूस मेला की त्याच्या बुटांवर पहिला हक्क बायकोचा, असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या नेब्रास्काच्या जत्रेत विमान पडताना पाहिलेलं नाही. तिथे जो आधी धावेल त्याचा हक्क. मी सांगतेय ती गोष्ट तेहतीस सालची. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात ऑरिन टेट नावाचा आमच्यातला एक वैमानिक शर्यतीत मक्याच्या शेतात पडला. पेटीत घातला तेव्हा त्याच्या पायात बूट नव्हते, डोक्यावर टोपी नव्हती, आणि लग्नाची अंगठी बोटासकट गेली होती. त्याच्या बायकोने शेरीफला विचारलं, तर तो म्हणतो, "बाई, लोक आठवण म्हणून नेतात हो. प्रेम असतं त्यांचं." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खायचं आणि वर त्याला प्रेम म्हणायचं. मला अजून त्या शेरीफचं तोंड आठवलं की हात शिवशिवतात.

थेडा रॅनी आणि मी त्या दफनाला गेलो होतो. आम्ही दोघी शर्यतींत एकमेकींच्या पक्क्या वैरी आणि जमिनीवर एकाच ताटात जेवणाऱ्या. तिच्या बापाचं मोटारी दुरुस्तीचं दुकान होतं, माझे वडील पाद्री. माझं इंजिन बिघडावं, पण जमिनीवर असतानाच बिघडावं, अशी प्रार्थना ते रोज सकाळी करायचे.  परतीच्या वाटेवर थेडा एकदम म्हणाली, "ऑर्फा, तू पडलीस तर मी तुझ्या अंगाला कुणाला हात लावू देणार नाही. आणि मी पडले तर तू."

"तू पडलीस तर तुझे बूट मीच घेणार," मी म्हटलं.

"घे की. पण दुसऱ्या कुणाला देऊ नकोस."

ती हसली नाही, म्हणून मग मीही हसले नाही. आम्ही हातावर हात मारला आणि विषय संपवला.

सप्टेंबरात क्रेन क्रॉसिंगच्या जत्रेत बायकांची शर्यत ठरली. डुकरांच्या प्रदर्शनानंतर आणि पुरुषांच्या शर्यतीआधी, म्हणजे लोकांना मका खायला वेळ मिळावा अशा बेताने आम्हाला बसवलं होतं. शर्यतीचा कर्ताधर्ता बेल्डिंग नावाचा गृहस्थ होता. पोटावर घड्याळाची साखळी, हातात कर्णा, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला असा कारभार. सकाळी त्याने शर्यतीतल्या आम्हा तिघींना एका रांगेत उभं केलं.

"हे बघा पोरींनो, तुमच्यापैकी एक जरी पडली तर बायकांची शर्यत या राज्यात कायमची बंद. मला रडारड नको, रक्त नको."

"आणि पुरुष पडला तर?" थेडाने विचारलं.

"पुरुषांची गोष्ट वेगळी."

वेगळी होतीच. पुरुष पडला की दुसऱ्या दिवशी जास्त तिकिटं खपायची.

थेडा काही खाणार नव्हती. शर्यतीच्या दिवशी तिला मांसाचा वासही चालत नसे, आणि रक्त दिसलं तर सरळ भोवळ यायची. ती कोपरापर्यंत तेलात हात घालून तिच्या निळ्या विमानाखाली आडवी झाली होती. मी मात्र भुकेली, म्हणून एकटीच सॉसेजच्या गाड्यावर गेले. गाडा वाक्लाव ह्रुश्काचा. पन्नाशीचा जाड माणूस, लहानपणी बोहेमियाहून आलेला, हिवाळ्याच्या तोंडावर आसपासच्या सगळ्या शेतांवर जाऊन डुकरं मारून द्यायचा. त्याने अरुंद पात्याच्या सुरीने सॉसेजचा तुकडा पाडला आणि सुरीच्या टोकावरच माझ्यापुढे धरला.

"खा पोरी. उपाशीपोटी मेलं की माणसाचं भूत होतं."

"आणि भरल्या पोटी मेलं तर?"

"जाडं भूत होतं. जरा कमी उडतं." तो माझ्या विमानाकडे बघत होता. "त्या खोक्यात तुम्हाला बांधून का ठेवतात?"

"पट्टा असतो. विमान कलंडलं तर आपण बाहेर पडू नये म्हणून."

"आणि उलटं पडलं, तर पट्टा सोडायचा कसा?"

"बकल असतं ना."

त्याने मान हलवली. "मी डुक्कर उलटं टांगतो. उतरवताना गाठ कधी सुटत नाही. वजनाने आवळते. कापावीच लागते." मग माझं तोंड बघून त्याला वाईट वाटलं असावं. त्याने आणखी एक तुकडा पुढे केला. "जाऊ दे. माझं सगळं बोलणं डुकरांवरच येऊन थांबतं, असं माझी बायको म्हणते."

एवढीच आमची ओळख. थेडाने त्याला पाहिलंही नव्हतं.

माझं पिवळं विमान दुपंखी आणि म्हातारं होतं. लाकडाची फासळी, त्यावर ताणलेलं कापड, कापडावर रोगणाचे थर, आणि वरचा पंख खालच्या पंखाला खांबांनी आणि तारांनी जखडलेला. पेट्रोलची टाकी वरच्या पंखात, बरोबर माझ्या कपाळासमोर. आता अशी विमानं संग्रहालयात टांगतात आणि लोक "किती गोंडस!" म्हणतात. त्या रोगणाला ठिणगी लागली की काय होतं ते त्यांना माहीत नसतं. माझं विमान हिवाळाभर एका गोठ्यात ठेवलेलं होतं, आणि गोठ्यात उंदीर होते. मी कापड हाताने चाचपून पाहिलं होतं. वरच्या पंखाच्या पाठीवर मात्र माझा हात पोचत नव्हता आणि शिडी कुणी दिली नाही.

शर्यत म्हणजे तीन लाकडी मनोरे आणि त्यांच्याभोवती डावीकडे वळत घातलेल्या फेऱ्या, अगदी जमिनीलगत. मनोऱ्यापाशी विमान कडेवर उभं करायचं, सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी पोटात ओढायचा, की तुमचं अख्खं वजन कमरेत उतरतं, गाल ओघळतात, डोळ्यांपुढे राखाडी पडदा येतो. तसंच धरून ठेवायचं. जी आधी सोडेल ती मागे पडते. खालून बेल्डिंग कर्ण्यात ओरडत असणार, "मंडळी, नवऱ्यांनो, बायकांचे डोळे झाका, नाहीतर उद्या घरात स्वयंपाक नाही!" वर आम्हाला फक्त इंजिन ऐकू येत होतं.

सगळ्यांत पुढे बँकवाल्याची बायको, मिसेस पामर, कोऱ्या रुपेरी विमानात. तिच्यामागे मी, माझ्या शेपटीला थेडा. शेवटच्या फेरीला मी मिसेस पामरला बाहेरच्या बाजूने गाठलं. मला तिचा चष्मा दिसत होता. मनोरा आला, मी विमान कडेवर टाकलं, दांडा ओढला, आणि डोक्यावर जुनी चादर फाटावी तसा टर्रकन आवाज झाला. डाव्या वरच्या पंखाचं कापड पाठीकडून उलगडत गेलं. खाली पांढऱ्या फासळ्या उघड्या पडल्या. मी दांडा उजवीकडे दाबला, उजव्या पायाखालचं पेडल पूर्ण दाबलं. विमानाने ऐकलं नाही. ते डाव्या कुशीवर तसंच वळत गेलं आणि गव्हाच्या कापलेल्या शेतात पंखाचं टोक खुपसून उलटलं.

आवाज फार मोठा झाला असं लोक सांगतात. मला तो ऐकू आला नाही. मला आठवतं ते असं, की सगळं थांबलंय, मी उलटी लटकतेय, धसकटं माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर आहेत, आणि डावा हात कोपरापासून नको त्या दिशेला वळलाय. टाकी जमिनीवर चिरडली होती. पेट्रोल माझ्या डोक्याखालच्या मातीत मुरत होतं आणि माझे केस त्यात बुडत होते. पुढे तापलेलं इंजिन टिक टिक करत होतं. मी उजव्या हाताने बकल ओढलं. ते हललं नाही. माझ्या सगळ्या वजनाने ते आवळून बसलं होतं, जसं ह्रुश्का म्हणाला होता तसंच.

मला जगायचं होतं. याहून दुसरा काही विचार त्या वेळी डोक्यात होता असं मी म्हटलं तर ते खोटं ठरेल.

मग पाय दिसायला लागले. पुष्कळ पाय, धावत येणारे. प्रेक्षकांना अडवायला बांधलेला दोर लोकांनी तोडला होता. मला बरं वाटलं, अहो खरंच बरं वाटलं! वाटलं, सुटले. पहिली पोचली ती एक बाई, फुलाफुलांच्या झग्यातली, धापा टाकत. ती वाकली, तिने माझा लोंबणारा उजवा हात धरला आणि हातमोजा ओढायला लागली.

"बाई," मी म्हटलं, "मी जिवंत आहे."

"अगं बाई गं!" ती दचकून म्हणाली. मग तिने मोजा पुरता काढून घेतला आणि गेली.

शेपटीकडे कापड टराटरा फाटत होतं. कुणीतरी म्हणत होतं, "नंबर मला, नंबर मी आधी बघितला!" खिशातल्या चाकूंचे आवाज. एकाने पंखांमधली तार वाकवून वाकवून तोडली. एक जण माझ्या पट्ट्याशी खटपट करायला लागला आणि मी त्याला "देव तुझं भलं करो" म्हणणार, तेवढ्यात तो मागच्याला म्हणाला, "पितळेचं आहे रे, पण निघत नाही." एकाच्या तोंडात पेटलेली सिगार होती. मी किंचाळले, "ती विझव, मेल्या, खाली पेट्रोल आहे!" त्याने सिगार तोंडातून काढली, तिच्याकडे बघितलं, आणि परत तोंडात घातली.

तेव्हा थेडा आली. मिसेस पामर तशीच पुढे उडत गेली आणि तिने करंडक जिंकला. आपल्या मागे कुणी उरलं नाही हे तिला उतरल्यावर कळलं म्हणे. थेडाने मात्र शर्यत सोडून धसकटांत विमान उतरवलं होतं. ती खाली उतरली नाही. इंजिन चालू ठेवून ती निळं विमान तसंच दामटत माझ्यापर्यंत घेऊन आली. प्रोपेलर फिरत होता. लोक किंचाळत पांगले. फुलांच्या झग्यातली बाई पडली, उठली, माझा मोजा उराशी धरून पळाली. थेडाने जागच्या जागी विमान वळवलं आणि गर्दीकडे नाक करून उभं केलं. कुणी डावीकडून सरकला की ती नाक डावीकडे फिरवायची, उजवीकडून सरकला की उजवीकडे. कुत्री घराच्या दारात उभी राहते ना, तशी. धूळ आणि भुसा उडून माझ्या तोंडात जात होता. लोक शिव्या देत होते, ढेकळं मारत होते. एक ढेकूळ तिच्या कपाळावर फुटलं. तिने नुसतं डोकं झटकलं.

तिने हातावर हात मारला होता, आणि ती शब्दाला जागत होती. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी उलटी लटकून रडले. पण तिला वाटत होतं मी मेलेय. तिला आतून मी दिसत नव्हते. ती माझं मढं राखत होती.

मग गर्दीतून ह्रुश्का बाहेर आला. गाड्यापासून इतक्या लांब धावत आल्यामुळे त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. ॲप्रन अंगात, सुरी हातात. तो ओरडत होता, "पट्टा! पट्टा कापू दे! ती उलटी आहे!" मला ओठांवरून कळलं. इंजिनाच्या आवाजात थेडाला काय ऐकू येणार? तिला दिसला तो सुरी घेऊन धावणारा आणखी एक जण, सगळ्यांहून मोठी सुरी घेतलेला.

तो डावीकडून आला, तिने नाक वळवलं. तो मागे सरला, हाताने माझ्याकडे खूण केली, गळ्यावर सुरी फिरवल्यासारखं करून कमरेकडे दाखवलं. काय अवलक्षणी खूण होती ती! थेडाचे दात मला दिसले. ह्रुश्का उजवीकडून वाकून पंखाखालून घुसायला गेला.

"थेडा, नको!" मी ओरडले. "तो मला सोडवतोय! थेडा!"

तिने इंजिन वाढवलं आणि नाक त्याच्यावर घातलं. तो थांबला असता तर काही झालं नसतं. पण त्याने उजवा हात तोंडापुढे धरला आणि तसाच पुढे आला.

फार मोठा आवाज झाला नाही. ओलं लाकूड फोडावं तेवढाच झाला. प्रोपेलरचं एक टोक उडालं, विमान थरथरलं, इंजिन खोकलं आणि थेडाने ते बंद केलं. ह्रुश्का जमिनीवर बसला. त्याचा हात कोपराखाली संपत होता आणि तिथून रक्त उसळून उसळून येत होतं. गर्दी एकदम गप्प झाली. त्या गप्पपणात माझा आवाज पहिल्यांदा सगळ्यांना ऐकू आला.

"तो माझा पट्टा कापायला येत होता, थेडा! मी जिवंत आहे!"

थेडा खाली उतरली. तिचा चेहरा पिठासारखा होता. तिने ह्रुश्काकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटलं ही आता कोसळणार, भोवळ येऊन पडणार, आणि मग आम्ही दोघीही गेलो. त्याच वेळी त्या सिगारवाल्याने आ वासून बघता बघता सिगार टाकली. शेपटीकडच्या धसकटांवर निळी ज्योत पळत गेली आणि कापड भप्पकन पेटलं.

"सुरी!" मी ओरडले. "थेडा, सुरी घे!"

सुरी तिच्या पायापाशीच होती. पण ती ह्रुश्काच्या हातात होती, आणि तो हात तिथे एकटा पडला होता, मूठ घट्ट आवळून. थेडा गुडघ्यावर बसली. तिने ती बोटं एकेक करून उघडली. ते मी उलट्या डोळ्यांनी पाहिलं, आणि आज म्हातारपणी मला माझ्या मुलांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण ती बोटं आठवतात.

ती पोटावर सरपटत आत आली. केस पेट्रोलने भिजले, माझेही आणि तिचेही. तिने पट्ट्याखाली पातं घातलं आणि वर ओढलं. मी मानेवर पडले. तिने माझी कॉलर धरली आणि ओढत सुटली. तुटलेला हात धसकटांत अडकला तेव्हा मी तिला नेब्रास्कातली प्रत्येक शिवी दिली. आग आमच्या अंगावरून गेली. माझा डावा गाल, कान आणि खांदा आगीने नेला. दोघींचे केस, थेडाच्या भुवया आणि तिच्या पाठीवरचा सदरा गेला. आम्ही बाहेर पडलो आणि मागे सगळं विमान एका झटक्यात पेटलं.

गर्दीतून कुणीतरी हळहळलं, "अरेरे, सगळंच जळालं की!"

थेडाने मला खाली टाकलं आणि ह्रुश्काकडे धावली. तिने आपल्या विजारीचा पट्टा काढून त्याच्या दंडाला बांधला, गुडघा टेकवून, पूर्ण जोर लावून. तो पांढराफटक पडला होता, पण शुद्धीवर होता. तो तिच्याकडे बघत राहिला.

"आंधळी आहेस का गं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग?"

"मला सुरी दिसली."

"सुरी दिसली. आणि मी नाही दिसलो?"

थेडाने पट्टा आणखी आवळला.  मला आणि ह्रुश्काला गाडीत घालत होते तेव्हा लोक थेडाच्या विमानाशी गेले. त्याला राखायला आता कुणी नव्हतं. प्रोपेलरच्या रक्ताळलेल्या ढलप्या पहिल्या गेल्या. त्यानंतर कापड, तारा, चाकं. संध्याकाळी तिथे इंजिन आणि सांगाडा उरला होता. सुरीही कुणीतरी नेली. ती ह्रुश्काच्या बापाने आणली होती, बोहेमियाहून.

बेल्डिंगने दुसऱ्या दिवशी कर्ण्यातून जाहीर केलं की बायकांचं मन हळवं असतं, संकटात त्यांचा तोल जातो, म्हणून यापुढे त्यांच्या शर्यती होणार नाहीत. दोर तोडलेल्या लोकांबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. तीच तर त्याची गिऱ्हाइकं. पुरुषांची शर्यत मात्र अपघाताच्याच दुपारी झाली होती आणि स्टँड गच्च भरला होता.

ह्रुश्का आणि मी एकाच इस्पितळात होतो. थेडा पाठीला पट्ट्या बांधून रोज यायची, माझ्यापाशी बसायची आणि त्याच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत यायची. मी म्हटलं, "आत तरी जा."

"जाऊन काय सांगू? चुकले म्हणू? भाजी खारट झाली की चुकले म्हणतात."

शेवटी मीच एका हाताने तिला ढकलत आत नेलं. शेरीफ तिथेच होता, टोपी गुडघ्यावर ठेवून. ह्रुश्काची बायको रूझेना खुर्चीवरून उठली, थेडासमोर आली आणि तिने थेडाच्या मुस्कटात मारली. कुणी मध्ये पडलं नाही. थेडा हललीसुद्धा नाही. रूझेनाने दुसरी मारली आणि मग स्वतःच रडायला लागली.

शेरीफने विचारलं, "मिस्टर ह्रुश्का, खटला भरायचा का?"

"खटला भरून हात उगवतो का?" ह्रुश्का म्हणाला. "नोव्हेंबर तोंडावर आलाय. माझी डुकरं आहेत, शेजाऱ्यांची आहेत. ती कोण मारणार? तू मारशील?"

शेरीफने टोपीकडे बघितलं.

"मी मारेन," थेडा म्हणाली.

ह्रुश्का हसला. चांगलं नव्हतं ते हसणं. "तू? तू तर माणसंच कापतेस."

"तुम्ही सांगाल तिथे सुरी घालेन. तुम्ही जगाल तोवर दर वर्षी येईन. माझ्याकडे देण्यासारखं दुसरं काही नाही. विमानसुद्धा नाही."

 ह्रुश्का बायकोला आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. तिने जोरजोरात मान हलवली, नाही, नाही, मी तिला अंगणात पाऊल टाकू देणार नाही. तो पुन्हा तेच म्हणाला. माझ्याकडे बघून त्याने ते आमच्या भाषेत सांगितलं. "येऊ दे म्हटलं मी हिला. बघू दे काय असतं ते."

नोव्हेंबरात थंडी पडली. अंगणातली माती दगडासारखी झाली होती. मीही गेले, कारण थेडाला एकटीला पाठवायचा मला धीर झाला नाही. ह्रुश्काच्या सदऱ्याची उजवी बाही दुमडून टाचणीने कोपराशी लावलेली होती. मोठ्या हंड्यात पाणी उकळत होतं. दोन शेजाऱ्यांनी डुक्कर आडवं पाडून धरलं होतं, आणि ते असं ओरडत होतं की गावात ऐकू जावं. रक्त धरायला रूझेनाने मला परात दिली. थेडाला तिने ॲप्रन दिलं, पण हातात नाही. जमिनीवर टाकलं.

थेडाने ते उचलून बांधलं. ह्रुश्काने नवी सुरी डाव्या हाताने तिच्याकडे दिली, मग त्याच हाताचा अंगठा डुकराच्या गळ्यावर टेकवला.

"इथे. हाडाच्या वर. खोल घाल आणि पुढे ओढ. अर्धवट घातलीस तर त्याचे हाल होतील."

ती वाकली. तिचे ओठ निळे पडले होते. सुरीचं टोक गळ्याला टेकलं आणि तिथेच थांबलं.  डुकराचा डोळा तिच्याकडे फिरला. एक शेजारी म्हणाला, "वाक्लाव, अरे जाऊ दे तिला, मी करतो." ह्रुश्काने त्याच्याकडे पाहिलंही नाही. थेडाने मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती त्याच्याकडे अशी बघत होती की त्याने "राहू दे" म्हणावं.

"त्या दिवशी तर नाही थांबलीस," ह्रुश्का म्हणाला.

थेडाने सुरी घातली, पुरी मुठीपर्यंत, आणि पुढे ओढली. रक्त जोराने परातीत आलं, माझ्या मनगटांवर, तिच्या तोंडावर. ती पडली नाही. डुक्कर शांत होईपर्यंत ती गुडघ्यावर तशीच बसून राहिली. मग ह्रुश्काने डाव्या हाताने तिचा दंड धरून तिला उभं केलं.

"बरोबर होतं," तो म्हणाला. "सुरी पूस. अजून पुष्कळ आहेत."